गंगेतून होडीनं: कायगाव ते नांदेड, तुकड्यातुकड्यानं

मराठवाड्यात होडीनं फिरायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. पैठणला होडीत बसलं आणि नांदेडला उतरलं, असा प्रवास होत नाही. नदी एकच आहे, गोदावरी, पण पाणी सलग नाही. पैठणच्या धरणाखाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस, अंतेश्वर, मग विष्णुपुरी आणि त्याच्याही पुढं आमदुरा, बळेगाव, बाभळी असे बंधारे एकामागून एक आहेत. त्यातल्या एकातूनही होडी पलीकडं जात नाही. म्हणून दोन बंधाऱ्यांच्या मध्ये तुंबलेलं पाणी हा आपला रस्ता, आणि एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जायला एसटी किंवा जीप. हे एकदा मान्य केलं की बेत सोपा होतो.

माझं माहेर गंगाखेडचं, सासर पैठणचं. दोन्ही घरं गंगेच्या काठची. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून मीही इथं तसंच लिहिते.) शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा नदीच्या काठावर राहणारी मुलंसुद्धा नदी फक्त पुलावरून बघतात, याचं मला फार वाईट वाटायचं. निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यात भाचरं-पुतणे, त्यांचे मित्र, कुणी येईल त्याला घेऊन मी पाण्यावर जाते. त्यातून जे हाती लागलं ते इथं सांगते.

कधी निघायचं

दिवाळी झाली की महाशिवरात्रीपर्यंत. पावसाळ्यात बंधाऱ्यांची दारं उघडी असतात आणि पाणी वाहतं असतं; पूर ओसरला की दारं टाकतात आणि पाणी साठतं. तेच पाणी पुढं उसाला, गव्हाला, हरभऱ्याला उपसलं जातं, त्यामुळं मार्चनंतर कित्येक ठिकाणी होडी गाळाला टेकते. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, उन्हाळ्यातही पाणी असतं, पण काठ इतका मागं सरकतो की होडीपर्यंत पोचायलाच चिखलातून चालावं लागतं.

दुसरं, वर्तमानपत्रातली ओळ वाचायला शिका. 'जायकवाडी इतके टक्के' अशी ती ओळ आपण सगळेच वाचतो. टक्केवारी असते ती जिवंत साठ्याची, म्हणजे वापरायला काढता येतं त्या पाण्याची. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण ७६ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा वेगळा. म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं, असं नव्हे. होडीसाठी मला सत्तर टक्क्यांच्या वरचं पाणी आवडतं: बुडालेल्या विहिरी, बांध, झाडांचे बुंधे सगळे खोल राहतात.

टक्क्यांपेक्षाही महत्त्वाचा आकडा विसर्गाचा. धरणाला १८ नियमित आणि ९ आपत्कालीन मिळून २७ दारं आहेत. दारं उघडली असतील, उघडणार असतील, किंवा 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा' असं काही छापून आलं असेल, तर पैठणच्या खाली होडीत पाय ठेवू नका. आणि आपल्या गावात ऊन पडलंय म्हणून पाणी येणार नाही असं समजू नका. नाथसागर भरतो तो बहुतांश नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या पावसानं. तिकडं नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी एक-दोन दिवसांत इकडं पोचतं. म्हणून मी ऑक्टोबरात कधी बेत केलाच तर पैठणचं आभाळ बघत नाही, नांदूर मधमेश्वरचा विसर्ग बघते. २००६ च्या ऑगस्टमध्ये गंगेचं पाणी पैठण गावात शिरलं होतं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपासचे दिवसही सोडा. नाथषष्ठीला पैठणच्या घाटावर दिंड्यांची एवढी गर्दी असते की ते दिवस वारकऱ्यांचे. तेव्हा चालत या, दर्शन घ्या. होडीचं नंतर बघू.

होडी कुणाची

तिकीट काढून बसायची बोट नेहमीच मिळेल असं धरून चालू नका. आपल्याला न्यायचं असतं भोई समाजाच्या किंवा इतर मासेमारांच्या होडीनं. काठच्या गावात गेलात की मासेमारांच्या सहकारी संस्थेबद्दल विचारा. कुणाची होडी मोठी, कुणाचं इंजिन भरवशाचं, हे तिथं लगेच कळतं.

विचारायचं ते आदल्या दिवशी दुपारी. संध्याकाळी ते जाळी टाकायला जातात, पहाटे उचलायला जातात, मग मासळी बाजारात पोचवतात. ऐन पहाटे काठावर जाऊन 'मामा, नेता का' म्हटलं तर त्या माणसाला एक तर आपल्याला नाही म्हणावं लागतं किंवा दिवसाची कमाई सोडावी लागते. पक्षी बघायला पहाटच लागते, हे खरं. अशा वेळी आम्ही आधीच सांगतो की जाळी उचलताना आम्ही गप्प बसू, तुमचं काम झालं की पुढं न्या. मुलांना तर जाळ्यातून राहू, कटला, चिलापी वर येताना बघायचीच असते. किंवा मग त्या सकाळच्या मासळीचे पैसे धरून भाडं द्यायचं.

भाडं काठावरच, निघायच्या आधी ठरवा: पेट्रोल कुणाचं, किती वाजेपर्यंत, कुठं कुठं थांबायचं, आणि धुक्यामुळं उशीर झाला तर काय. एकदा ठरलं की परत आल्यावर घासाघीस करू नका. हिवाळ्यात धुकं नऊ-साडेनऊपर्यंत राहतं. त्या धुक्यात 'चला हो, दिसतंय की' असा आग्रह नावाड्याला कधीच करू नये. पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा. तो परत फिरू म्हणाला की परत फिरायचं.

बसण्याआधी

आधी होडीच्या तळाशी बघा. थोडं पाणी असतंच, पण उपसायचा डबा होडीत हवा. सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून निदान दीड-दोन विती वर राहिला पाहिजे. नसेल तर दोन माणसं उतरवा आणि दोन फेऱ्या करा. इंजिन असलं तरी वल्ही होडीत असू द्या. लाइफ जॅकेट बहुतेक होड्यांवर नसतात. आम्ही आमची घेऊन जातो, मुलांच्या मापाची वेगळी. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर ते गळ्यातून वर निसटतं, त्याचा उपयोग नाही. जॅकेट नुसतं खांद्यावर टाकू नका, पट्टे आवळा. पोहता येतं म्हणणाऱ्यांनीही घालायचं. थंडीतल्या पाण्यात अंगावरच्या कपड्यांसह पोहणं निराळं असतं.

बायकांनी सहावारी साडीऐवजी सलवार-कमीज किंवा कासोटा घातलेली नऊवारी नेसावी, पाय मोकळे राहतात. बूट नकोत, सहज निघणाऱ्या चपला. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि काठावर राहणाऱ्या एका माणसाला आपण कुठून कुठं जाणार ते सांगून ठेवलेलं. नाथसागराच्या मध्यात रेंज जाते. होडीत उभं राहायचं नाही; जागा बदलायची असेल तर एका वेळी एकानं, बसल्या बसल्या सरकत.

आणखी एक धोका बाहेरच्या माणसाला माहीत नसतो. काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, त्यांच्या वायरी पाण्यातून गेलेल्या असतात. होडी काठाला लागत असताना पाण्यात हात घालू नका, वर दिसणारी वायर बाजूला सारायला जाऊ नका. नावाडी ठराविक जागीच होडी लावतो ते याचसाठी.

जेवण सोबत घ्या. आम्ही धपाटे, दशम्या, शेंगांची चटणी आणि दह्याचा डबा नेतो. रिकाम्या पिशव्या, बाटल्या परत आणायच्या. छत्रपती संभाजीनगर आणि जालना शहरं हेच पाणी पितात.

पहिला तुकडा: कायगाव आणि प्रवरासंगम

संभाजीनगरहून पुण्याच्या रस्त्यानं साधारण ५० किलोमीटरवर गंगेचा मोठा पूल लागतो. अलीकडं कायगाव, पलीकडं नगर जिल्ह्यातलं टोका. इथंच प्रवरा गंगेला मिळते, आणि नाथसागराचा फुगवटा, म्हणजे धरणामुळं मागं तुंबलेलं पाणी, इथपर्यंत चढतो. या तुकड्याचं वैशिष्ट्य असं की अंतर थोडं आणि बघायला पुष्कळ. कायगावला रामेश्वराचं देऊळ बघायचं, होडीनं संगमावर जायचं आणि टोक्याच्या घाटावर उतरायचं. तिथलं सिद्धेश्वराचं देऊळ पेशवाईतलं. बाजूला विष्णूचं आणि देवीचं अशी आणखी दोन. भिंतींवरचं कोरीवकाम निवांत बघा, तासभर सहज जातो. वेळ असेल तर टोक्याहून रस्त्यानं नेवाशाला जा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं वारकरी मानतात, तो पैस तिथं आहे.

या बाजूला गंगापूर तालुक्यात भिवधानोरा आहे. तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून फुगवट्यातून शाळेला जातात, हे २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचलं, कोर्टानंही दखल घेतली. आपण हौसेनं पाण्यावर जातो तेव्हा हे मनात असू द्या. काठच्या मुलांचे फोटो काढत सुटू नका.

दुसरा तुकडा: नाथसागर

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकांना अर्पण झालं. मागं पसरलेला जलाशय पंचावन्नेक किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी २७ किलोमीटर आहे. मध्यावर गेलं की दोन्ही काठ दिसेनासे होतात. म्हणूनच छोट्या होडीनं मध्यावर जायचं नाही. काठ दिसत राहील असंच जायचं. सकाळी पाणी शांत असतं. दुपारी वारा उठला की एवढ्या मोकळ्या पाण्यावर लाटा बघता बघता वाढतात. अकरा-साडेअकराला मी परतीला लागते, मग पुढं कितीही पक्षी दिसोत.

हे पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासून. त्यामुळं वनविभागाची परवानगी काढल्याशिवाय होडी घालू नका, आणि धरणाच्या भिंतीजवळ तर जाऊच नका, तिथं बंदी असते. परवानगीचा अर्ज आधी करा, शनिवार-रविवारी कचेरी बंद असते.

हिवाळ्यात इथं रोहित (फ्लेमिंगो) येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाकाच्या जोड्या, थापटे, चित्रबलाक, सुरय आणि काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी तर शेकड्यांनी. रोहित आणि बगळ्यांसारखे लांब पायांचे पक्षी उथळ पाण्यात, गाळपेराच्या (पाणी ओसरल्यावर पेरतात त्या) जमिनीला लागून असतात. बदकं जरा खोल पाण्यात. थव्यापासून लांबच इंजिन बंद करून वल्ह्यावर जायचं. माना वर झाल्या की थांबायचं. थवा उडवून फोटो काढणारी माणसं मी पाहिलीत, आणि मला त्यांचा राग येतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला चरायला मिळालेली ती सकाळ असते.

आमचे नेहमीचे नावाडी मामा मध्येच होडी वळसा घालून नेतात. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'इथं खाली आमच्या गावाची बारव आहे, काठ वर येतो.' या पाण्याखाली शंभराहून जास्त गावांच्या जमिनी आणि घरं गेली. काठावर भेटणारी कितीतरी माणसं त्या गावांची. मुलं सोबत असतील तर नावाड्याला त्याचं गाव विचारायला सांगा, आणि ऐकून घ्या.

तिसरा तुकडा: पैठण ते आपेगाव

धरणाच्या खाली पायथ्याशी १२ मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. ते चालू झालं की पाणी वाढतं. म्हणून होडीत तिथं जवळ बसायचं नाही, गावाच्या खालच्या अंगाला बसायचं. आधी पायी नाथांचं समाधी मंदिर, नाथवाडा आणि नागघाट करा. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते नागघाटावर, अशी श्रद्धा आहे. रेड्याची मूर्ती तिथं आहे. मग पैठणीचे माग बघायचे असतील तर ते उन्हं वर आल्यावर. विणकर तुम्हाला काठाचा मोर एकेक धाग्यानं कसा चढतो ते दाखवतात.

आपेगावचा बंधारा भरलेला असला तरच हा तुकडा होडीचा. भरलेला नसेल तर मध्ये खडक उघडे पडतात. किती अंतर होडीनं जमेल ते नावाडी सांगेल, उरलेलं रस्त्यानं. आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव. त्यांचे पणजोबा त्र्यंबकपंत यांची समाधी इथं आहे, आणि माउलींचा जन्मही इथलाच, असं इकडं मानतात. मंदिर शांत आहे. होडीतून उतरून चिखलाच्या पायांनी थेट आत जाऊ नका, पाय धुवायला नदी आहेच.

त्याच्या पुढं मी बरंच अंतर रस्त्यानं जाते. वाटेत राक्षसभुवन करा, तिथं शनीचं देऊळ आहे. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला इथंच गंगेकाठी हरवलं आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. महानुभावांचं पांचाळेश्वर तिथून जवळ, पात्रात. पाथरी तालुक्यातलं मुद्गलेश्वराचं देऊळही पात्रातलंच, पुरात ते पाण्याखाली जातं.

चौथा तुकडा: गंगाखेड आणि जांभूळबेट

गंगाखेडला जनाबाईंचं मंदिर आहे. माझं माहेर म्हणून नव्हे, पण इथल्या घाटावर संध्याकाळी बसून बघा. दळण-कांडणाच्या ओव्या अजून म्हणणाऱ्या म्हाताऱ्या या भागात आहेत. त्यांना जनाबाई कुणी शिकवावी लागली नाही.

गंगाखेडहून पालमला जायचं. पालम तालुक्यात गंगेच्या पात्रात जांभूळबेट आहे: दोन्ही बाजूंनी नदी, मध्ये जांभळांची आणि इतर झाडांची दाटी, आणि मोर. मराठवाड्यात एवढ्या सावलीचं बेट पात्रात असावं, हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. इथं होडी हवीच, आणि अंतर थोडंच असल्यामुळं लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला हाच तुकडा सर्वांत चांगला. पूर येतो तेव्हा बेटाचा काठ ढासळतो. झाडाची मुळं उघडी पडलेली दिसतील. त्या काठावर बसू नका, होडीही तिथं लावू नका. चूल पेटवू नका. गाणी लावू नका. मोर आवाज ऐकून आत निघून जातात. शांत बसलात तर दुपारी तीन-चारला ते स्वतःहून उघड्यावर येतात.

पाचवा तुकडा: विष्णुपुरी आणि नांदेड

विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांचं नाव आहे, शंकरसागर. काठावर काळेश्वराचं देऊळ आहे, तिथून पाण्याचा मोठा विस्तार दिसतो. होडी मिळाली तर तासभर वरच्या अंगाला जाऊन या, बंधाऱ्याच्या दिशेनं नको. नांदेड शहरातले घाट मात्र पायीच करा. नगिना घाट, बंदा घाट, आणि तिथून सचखंड श्री हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथं देह ठेवला. लंगरात बसून जेवा, डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. शहरातल्या घाटांवर नाल्यांचं पाणी मिसळतं, हे मला स्पष्टच लिहायला हवं. त्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नका.

धर्माबादजवळच्या बाभळीपर्यंत जायची इच्छा असेल, तर तारीख लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या बंधाऱ्याची दारं उघडी ठेवावी लागतात. साठलेलं पाणी बघायचं ते त्यानंतरच.

एकच दिवस हाताशी असेल, तर संभाजीनगरकडच्यांनी कायगाव-प्रवरासंगम करावं आणि परभणी-नांदेडकडच्यांनी जांभूळबेट. दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी पैठणला मुक्काम करा, दुपारी घाट आणि माग बघा, संध्याकाळी नावाड्याशी बोलून घ्या आणि दुसऱ्या पहाटे नाथसागरावर जा. पाचही तुकडे एका दमात करायला जाऊ नका. एका हिवाळ्यात एक किंवा दोन पुरेत, आणि पुढच्या वर्षी त्याच नावाड्याकडं परत जा. ओळखीच्या माणसाला तो अशा जागा दाखवतो ज्या पहिल्या दिवशी कुणालाच दाखवत नाही.